मंचाला पायऱ्या किती?

चर्चासत्राच्या नोंदणी अर्जात सगळं विचारलेलं होतं. नाव, हुद्दा, संस्था, शोधनिबंधाचा विषय, निवास हवा की नको, गाडी किती वाजता पोचते, जेवण शाकाहारी, मांसाहारी की जैन. उपवास असणाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवावं, अशी तळटीपही होती. फक्त इमारतीत शिरायला, ऐकायला, वाचायला किंवा बोलायला काही सोय लागेल का, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

अर्ज भरले गेले, निबंध निवडले गेले, पत्रं रवाना झाली. मग समन्वयक प्राध्यापकांना एका संशोधक बाईंचा फोन आला. त्या व्हीलचेअर वापरतात. सभागृह कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, असं त्यांनी विचारलं. सरांनी "आहे, आहे, काळजी करू नका" म्हणून फोन ठेवला आणि त्यानंतर ते स्वतः पहिल्यांदा ती लिफ्ट बघायला गेले. त्याच आठवड्यात एका कर्णबधिर विद्यार्थ्याच्या मार्गदर्शक बाईंचा मेल आला. निबंध वाचणाऱ्यांत एक अंध प्राध्यापकही होते.

'उंबरठा' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा मला घरांच्या आठवणी लिहायच्या नव्हत्या. या चर्चासत्राची कुणकुण लागली होती, म्हणून तयारी चालू असतानाच तिथे गेले आणि समारोपापर्यंत थांबले. विद्यापीठ महाराष्ट्रातलं आहे. नाव छापू नये अशी तिथल्यांची इच्छा होती, आणि जे पाहिलं ते कुठल्याही आवारात दिसेल असंच असल्यामुळे मीही आग्रह धरला नाही.

एकास बारा

सभागृहाच्या दाराशी तीन पायऱ्या. शिपाईमामांचा तोडगा सरळ होता: चार पोरं लावू आणि उचलून घेऊ. आपल्याकडे हा तोडगा इतका सर्रास वापरला जातो की त्यात कुणाला काही खटकत नाही. व्हीलचेअरवरच्या संशोधक बाईंना मात्र खटकतं. उचलणाऱ्याचा हात खुर्चीच्या नेमक्या कुठल्या भागाला लागेल याचा नेम नसतो. पायपट्टी किंवा हातटेकू धरला तर तो निखळून हातात येतो, आणि माणूस खाली. शिवाय चाळिशीतल्या अभ्यासक बाईला चार अनोळखी विद्यार्थ्यांनी पालखीसारखं आत नेणं, ही काही स्वागताची रीत नव्हे.

मग मांडववाल्यांना बोलावलं. त्यांनी आठ फुटी प्लायवूडचा तक्ता पायऱ्यांवर टाकला, खाली दोन फळ्या ठोकल्या आणि म्हणाले, झाला रॅम्प. इथे हिशेब करायला हवा. एक पायरी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे तीन पायऱ्यांचा चढ ४५ सेंटीमीटर. सुगमतेच्या भारतीय मानकांत चढाचं प्रमाण एकास बारा आहे: एक फूट वर जायचं तर बारा फूट लांबी. ४५ सेंटीमीटरला ५ मीटर ४० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अठरा फूट. आठ फुटी तक्त्यावर हे प्रमाण एकास साडेपाचाच्या आसपास येतं. अशा चढावर हाताने चाक फिरवणाऱ्याची खुर्ची मागे कलंडू शकते, आणि उतरताना ब्रेक म्हणून उरतात ते फक्त तळहात.

आकडा मनमानी नाही. खुर्चीतला माणूस खांद्यांच्या जोरावर स्वतःचं आणि खुर्चीचं वजन वर ढकलत असतो. चढ दुप्पट झाला की जोरही जवळपास दुप्पट लागतो. म्हणूनच मानकं लांबीवर थांबत नाहीत. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, तोही ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर, चढ लांब असेल तर मध्ये सपाट विसावा, आणि वर दारासमोर खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. ही जागा नसेल तर माणूस चढावरच अडकतो: एक हात चाकावर, दुसऱ्या हाताने दार ओढायचं.

सरांनी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला गाठलं. त्याने टेप काढला, मोजलं, आणि सुताराकडून अठरा फुटी लाकडी उतार करून घेतला. तो दारासमोर सरळ मावत नव्हता, म्हणून भिंतीलगत वळवला. काम उत्तम झालं. उद्‌घाटनाच्या सकाळी पाहते तर उताराच्या पायथ्याशी सुरेख रांगोळी, तिच्या दोन्ही अंगांना समया, वरच्या टोकाला प्रायोजक बँकेची स्टँडी, आणि कठड्याला टेकून एक मोटारसायकल. रांगोळी काढणाऱ्या मुलींचा दोष नव्हता. तो उतार वापरायचा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती सजवायची एक मोकळी जागा होती. एका मुलीने हसत हसत स्वतःच्या हाताने अर्धी रांगोळी पुसली आणि उरलेली पायऱ्यांच्या बाजूला नेली.

साडेपाचची किल्ली

उतार चढून आत गेलं की दिवस सुरू होतो, आणि अडचणीही. समांतर सत्रं वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमनची वेळ साडेपाचपर्यंत. किल्ली घेऊन तो गेला की लिफ्ट बंद. आणि आपलं कुठलं चर्चासत्र वेळेवर संपतं? पहिला वक्ता वीस मिनिटांची चाळीस करतो, अध्यक्ष "वेळेचं भान ठेवून" आणखी पंधरा घेतात. पहिल्या दिवशी शेवटचं सत्र सहाच्या पुढे गेलं. किल्लीचा शोध लागेपर्यंत बाई वरच्या मजल्यावरच बसून होत्या आणि खाली चहा संपला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी दोन गोष्टी केल्या. लिफ्टमनला सात वाजेपर्यंतचा जादा भत्ता मंजूर करून घेतला, आणि बाईंना ज्या सत्रांना बसायचं होतं ती तळमजल्यावर आणली. दुसरा उपाय फुकटचा होता. तो आधीच सुचायला हरकत नव्हती, हे सरच म्हणाले.

लिफ्ट जनरेटरवर आहे का, हा प्रश्नही आधी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. सभागृहाचे पंखे आणि माईक जनरेटरवर होते, लिफ्ट नव्हती.

स्वच्छतागृहाची कथा वेगळी लिहावी इतकी मोठी आहे. तळमजल्यावर व्हीलचेअरचं चित्र असलेलं दार होतं, त्याला कुलूप होतं. कुलूप उघडलं तेव्हा आत फिनेलचे कॅन, खराटे, मोडकी खुर्ची आणि मागल्या पदवीप्रदान समारंभाचा गुंडाळलेला फ्लेक्स निघाला. बांधकाम मात्र नियमाप्रमाणे होतं: रुंद दार, कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचे दांडे, खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा. त्या जागेत बरोबर मावतं म्हणूनच तिथे सामान ठेवलं होतं. कागदोपत्री सुगम स्वच्छतागृह 'उपलब्ध' असतं आणि प्रत्यक्षात सफाईचं कोठार चालतं, हा प्रकार नवा नाही. त्याचा परिणाम कुठल्या तपासणी अहवालात येत नाही. प्रवासाच्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी व्हीलचेअर वापरणाऱ्या कित्येक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. या बाईही आदल्या रात्रीपासून घोटघोटच पीत होत्या. चहाच्या सुट्टीत त्या टेबलापाशी का येत नाहीत, याचं आयोजकांना नवल वाटत होतं.

"माझा आवाज पोचतोय ना?"

आता दुसऱ्या प्रकारचे उंबरठे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून टेप लावून मोजताही येत नाहीत.

मराठी प्राध्यापकांची एक लाडकी सवय आहे. बोलायला उभं राहिलं की माईक बाजूला सारायचा, "माझा आवाज पोचतोय ना सगळ्यांना?" असं विचारायचं आणि "हो" आलं की सुरू करायचं. ज्यांना पोचत नाही त्यांना प्रश्नही ऐकू येत नाही, त्यामुळे उत्तर नेहमी "हो" असंच येतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं श्रवणयंत्र जवळचा पंखा, कागदाची सळसळ आणि दूरचा वक्ता यांना सारखंच मोठं करतं. माईकमधून आलेला स्वच्छ आवाज हीच त्यांची सोय. प्रश्नोत्तरांत तर मागच्या रांगेतून विचारलेला प्रश्न अध्यक्षांनी माईकवरून पुन्हा सांगितला नाही, तर अर्ध्या सभागृहाला केवळ उत्तर कळतं.

कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषे हवे होते. सरांनी आधी एकाची चौकशी केली. उत्तर आलं, दोघं लागतील. कारण साधं आहे: ऐकत असतानाच दुसऱ्या भाषेत मांडायचं, तेही सगळ्या शरीराने, हे काम वीसेक मिनिटांपलीकडे एकट्याने नीट होत नाही. म्हणून दोघं आळीपाळीने करतात, आणि जो थांबलेला असतो तोही सुटलेला शब्द पुरवत असतो. दुभाष्यांनी निबंध आधी मागितले. 'संरचनावाद' किंवा 'सांस्कृतिक भांडवल' यांना ठरलेली खूण असेलच असं नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१मध्ये आपला शब्दकोश १० हजार शब्दांपर्यंत नेला, तरी प्रत्येक विद्याशाखेची परिभाषा त्यात कुठून येणार? अशा वेळी विद्यार्थी आणि दुभाषे आधी बसून त्या सत्रापुरती खूण ठरवतात, नाहीतर अक्षरं दोन हातांनी एकेक करून दाखवावी लागतात आणि तोवर वक्ता पुढच्या परिच्छेदात गेलेला असतो.

हे सगळं जुळलं आणि पहिल्याच सत्रात स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून कुणीतरी सभागृहातले दिवे घालवले. अंधारात दुभाष्याचे हात दिसेनात. मांडववाल्यांच्या इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत एक स्पॉटलाइट फिरवून त्याच्यावर टाकला. विद्यार्थी पडदा, वक्ता आणि दुभाषा एका नजरेत येतील अशा पुढच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला.

अंध प्राध्यापकांची अडचण मात्र फक्त मराठीच म्हणावी अशी होती. ते संगणकावर एनव्हीडीए वापरतात. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६मध्ये सुरू केलेलं हे स्क्रीन रीडर मोफत मिळतं आणि पडद्यावरचा मजकूर, मराठीसुद्धा, वाचून दाखवतं. पण त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. चर्चासत्राची स्मरणिका छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली होती. त्या फॉन्टमध्ये 'क' हे संगणकाच्या लेखी 'क' नसतंच. ते असतं रोमन लिपीतलं एखादं अक्षर, ज्याला 'क'चा मुखवटा चढवलेला आहे. डोळ्यांना सुंदर देवनागरी दिसते आणि स्क्रीन रीडर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन जप सुरू करतो. काही निबंध तर छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेले. ते म्हणजे नुसते फोटो. दोन संशोधक विद्यार्थ्यांनी रात्री बसून सारांश युनिकोडमध्ये उतरवले तेव्हा कुठे प्राध्यापकांना दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत भाग घेता आला. मराठीतला हा उंबरठा हटवायला सिमेंट लागत नाही. लेखकाने मूळ फाइल युनिकोडमध्ये द्यावी आणि छापखान्याने तीच ठेवावी, एवढंच लागतं. वक्त्यांनी "तुम्ही पाहताच आहात" असं म्हणून आलेखाकडे बोट करण्याऐवजी आलेख काय सांगतो ते एका वाक्यात बोलून दाखवलं, तर डोळस श्रोत्यांचाही फायदाच होईल.

कायद्याची मुदत

हे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं आहे असं समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केलेली आहेत, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२मध्ये संपली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही त्याच वर्षी उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगमतेची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

मग अडतं कुठे? मार्गदर्शक तत्त्वं आणि सक्तीचा नियम यांच्यामधल्या फटीत. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला दिलेल्या निकालात नेमकं यावर बोट ठेवलं. सुगमतेची मानकं ज्या नियमातून येत होती त्याची भाषा शिफारशीची आहे आणि मूळ कायद्याला ती धरून नाही, असं म्हणत न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक मानकं ठरवायला सांगितलं. या प्रकरणात परिस्थितीचा अहवाल न्यायालयाला दिला तो हैदराबादच्या नालसार या विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राने.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद आहे. तेव्हा मोजणी आजच्यापेक्षा कमी प्रकारांची झाली होती. "आमच्याकडे असे कुणी येतच नाहीत" हे वाक्य मी या लेखासाठी बोललेल्या बहुतेक आयोजकांकडून ऐकलं. पायऱ्या असल्यामुळे येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून पायऱ्या राहतात.

हॉकिंग आले तेव्हा

येणारा कोण आहे यावर सगळं कसं बदलतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. जानेवारी २००१मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'स्ट्रिंग्ज २००१' ही आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तिला स्टीफन हॉकिंग आले. मुंबईहून ते दिल्लीला गेले. तिथल्या ऐतिहासिक वास्तू त्यांना पाहायच्या होत्या. अपंग हक्कांच्या चळवळीतले जावेद आबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांनी पाठपुरावा केला आणि लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर इथे लाकडी उतार बसवले गेले.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, 'वारसा वास्तू आहे, हात लावता येत नाही' ही सबब पुरी पडत नाही. मुंबई विद्यापीठाचं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याचं दीक्षान्त सभागृह १८७४चं, आणि फोर्टातला तो परिसर २०१८पासून जागतिक वारसा यादीत आहे. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचं गव्हर्नरांचं निवासस्थान. अशा वास्तूंत दगड फोडून चालणार नाही हे खरं, पण दगडाला न दुखवता ठेवता आणि काढता येईल असा उतार करता येतो. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. पाहुणा जगप्रसिद्ध असला की आठवड्यात उतार उभा राहतो. जिल्ह्याच्या गावातून निबंध घेऊन येणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीसाठी तो पाच वर्षांच्या कायदेशीर मुदतीतही उभा राहत नाही.

खालूनच बोला

सगळ्यात मोठा उंबरठा सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तो शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मंच अडीच फूट उंच. बाजूला चार अरुंद पायऱ्या, कठडा नाही. वर गालिचा, त्याच्या कडेला टेप न लावलेल्या माईकच्या वायरी. पोडियम चार फुटांचं, लाकडी, जागेवर पक्कं; त्यावरचा माईक उभ्या माणसाच्या तोंडाच्या पातळीवर. अडीच फुटांना एकास बाराच्या हिशेबाने तीस फूट लांबीचा उतार लागतो. तो अर्थातच नव्हता. बाईंच्या सत्राची वेळ आली तेव्हा सूत्रसंचालकाने अतिशय अदबीने सुचवलं, "मॅडम, आपण खालूनच बोललात तरी चालेल."

मंचावर अध्यक्ष आणि तीन वक्ते फुलांच्या मागे बसलेले, आणि चौथी वक्ती पहिल्या रांगेसमोर हातात कॉर्डलेस माईक घेऊन. प्रेक्षकांकडे तोंड केलं तर अध्यक्ष पाठीमागे, अध्यक्षांकडे केलं तर प्रेक्षक. एका हातात माईक असल्याने कागद उलटायला हात उरेना. सत्कार करायला अध्यक्ष खाली उतरले, वाकले आणि शाल खांद्यावर ठेवली. छायाचित्रात बाईंचा चेहरा आलाच नाही. निबंध उत्तम होता. प्रश्न मात्र मंचावरच्या तिघांना गेले, कारण विचारणारे वर बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच उपाय सुचवला. मंचच वापरू नका. मांडववाल्यांनी चार टेबलं खाली जमिनीवर लावली, पोडियम काढलं, टेबलावर चार छोटे माईक ठेवले. अध्यक्षही खालीच बसले. खर्च काही नाही. उलट मागच्या रांगांतले लोक पुढे सरकले आणि चर्चा त्या तीन दिवसांतली सगळ्यात जिवंत झाली.

समारोपानंतर मी सरांकडे खर्चाची फाइल मागितली. फोल्डर, पिशव्या, स्मृतिचिन्हं, हार-तुरे, फ्लेक्स, पाहुण्यांची गाडी, सगळ्यांना आपापलं शीर्षक होतं. सुताराचं बिल 'किरकोळ' या शीर्षकाखाली घातलेलं होतं, दुभाष्यांचं मानधन 'इतर'मध्ये. लेखापरीक्षक विचारणार म्हणून सर चिंतेत होते. पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात 'सुगमता' असं वेगळं शीर्षक मागणार, असं त्यांनी ठरवलं आहे. माझ्या मते या चर्चासत्राचं सर्वांत टिकाऊ फलित तेच.

दिवाळी सरली की विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत चर्चासत्रांचा हंगाम सुरू होतो आणि मार्चअखेरपर्यंत निधी संपवायची घाई असते. आयोजकांना एकच सांगणं आहे. सुगमतेची पाहणी फाटकापासून सुरू करू नका, वक्त्याच्या जागेपासून सुरू करा. मंचावरच्या खुर्चीपासून उलट मोजत या: पायऱ्या, माईक, दिवे, स्मरणिका, स्वच्छतागृह, लिफ्टची किल्ली, दार आणि शेवटी नोंदणीचा अर्ज. फाटकापासून सुरू करणाऱ्याच्या मनात अपंग माणूस म्हणजे पाहुणा किंवा श्रोता असतो, आणि त्याची पाहणी पहिल्या रांगेपाशी संपते. ज्या सभागृहात येऊन ऐकता येतं पण वर जाऊन बोलता येत नाही, ते सुगम नाही. दारातला उतार कितीही नियमात बसणारा असो.